राखलेली गाठ

जगनकाका घरत माझ्या ऑफिसात पहिल्यांदा आले तेव्हा मला कोर्टात पोहोचायला दहा मिनिटं उशीर झाला होता आणि डोकं आधीच फिरलेलं होतं. पनवेलमध्ये वकिली करायची म्हणजे जमिनीचे सातबारे आणि सोसायट्यांची भांडणं. त्यात हा अडुसष्ट वर्षांचा, काळा कोट घातलेला म्हातारा समोर बसून म्हणतो, "सायब, माजा खेल चोरलान."

मी विचारलं, "कसला खेळ?"

"मिठागर," ते म्हणाले.

त्यांच्या कोटाच्या कॉलरला चकचकीत टिकल्या होत्या, निम्म्या गळून गेलेल्या. त्या टिकल्या बघितल्या आणि मी फाईल खाली ठेवली. हा माणूस मला ओळखत नव्हता, पण मी त्याला चांगला ओळखत होतो. मी चौथीत असताना आमच्या शाळेच्या मैदानात जादूगार जे. जगन आला होता. त्यानं टोपीतून कबुतरं काढली, दोरी कापून जोडली. ते आम्ही आधीही पाहिलं होतं, त्यामुळे पोरं चुळबुळ करायला लागली. मग त्यानं काचेची पेटी आणली. त्याची बायको भामाबाई पेटीत जाऊन मांडी घालून बसली आणि जगननं आम्हा पोरांनाच घमेली दिली. आम्ही तिच्या अंगावर मीठ ओतलं. खरं, जाडं, मिठागरातलं मीठ. ते तिच्या गळ्याशी आलं तेव्हा मुली रडायला लागल्या. जगननं पडदा ओढला, उरलेलं मीठ स्वतः ओतलं, पडदा बाजूला केला. काचेमागं नुसतं मीठ. ना वाद्य, ना गाणं. सगळं मैदान गप्प. मग त्यानं पेटीच्या बाजू काढल्या, मीठ मैदानात पसरलं, आणि आमच्या मागून कुणीतरी खाकरलं. वळून पाहतो तर भामाबाई उभी, केसांत मीठ. मी त्या रात्री जेवलो नव्हतो. आईनं मीठ वाढलं की मला तिचं डोकं दिसायचं.

त्या दिवशी मी कोर्टात ज्युनिअरला पाठवलं आणि जगनकाकांना चहा मागवला.

त्यांनी मला मोबाईलवर एक क्लिप दाखवली. नवीन पनवेलच्या एका हॉलमध्ये प्रणित नावाचा तिशीतला पोरगा तोच खेळ करत होता. पेटी अॅक्रिलिकची, कडेनं निळे दिवे, मागे कानठळ्या बसवणारा डीजे. पेटीत बसलेली मुलगी त्याची धाकटी बहीण अंकिता. खाली साडेतीन लाख लोकांनी पाहिल्याचा आकडा होता.

"हा आठ वर्सं माज्या घरी व्हता," जगनकाका म्हणाले. "माज्या हातचं जेवला. कबुतरांची घान काडली त्यानं, खोटं कशाला बोलू. पन येक सबूद विचारला नाय. खेलाआधी येवरंच बोलायचं, हा खेल जगन आनि भामा घरत यांचा. बस. मना दुसरं काय नको."

एवढंच होतं त्यांचं मागणं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे लोकांनी त्यांच्याबद्दल काय वाट्टेल ते बोलून घेतलं.

खेळ खरोखर त्या दोघांचाच होता. भामाबाईचा बाप उरणच्या बाजूला मिठागरात राबलेला, तीही लहानपणी तिथंच वाढलेली. मिठाच्या राशीत आत शिरून लपायचं आणि भावंडांना घाबरवायचं ही तिची खोड. लग्न झाल्यावर तिनं नवऱ्याला म्हटलं, लोकांच्या दोऱ्या काय कापत बसलास, माझं मीठ घे की. मग दोघांनी दोन वर्षं घराच्या पडवीत तो खेळ बसवला. एकोणनव्वद साली पहिला प्रयोग झाला. बावीस वर्षं भामाबाई मिठाखाली गेली. गुडघे गेले तेव्हा थांबली. तिचा डावा डोळाही अधू होता, पांढुरका. तो कशानं गेला हे मी तेव्हा विचारलं नाही.

मी त्यांना कायदा सांगितला. माझा स्वभाव फटकळ, गोड करून सांगायला मला जमत नाही. म्हटलं, "काका, युक्ती कोणाच्या मालकीची नसते. कल्पनेला कॉपीराइट नाही. पेटंट घ्यायचं तर सगळं गुपित लिहून सरकारला द्यायचं, आणि वीस वर्षांनी ते साऱ्या दुनियेचं. तेही नवीन असलं तर. तुम्ही बावीस वर्षं गावोगाव खेळ केलात."

"म्हंजे कायद्यात जादूगार नायच?"

"आहे ना. कलाकाराच्या व्याख्येत आहे. नट, गायक, डोंबारी, जादूगार, गारुडी. तुम्ही गारुड्याच्या शेजारी बसलाय." मला वाटलं ते हसतील. हसले नाहीत. "पण तो हक्क तुमच्या प्रयोगाच्या रेकॉर्डिंगवर. तुमचा खेळ कोणी न विचारता शूट केला तर आपण त्याला धरू. तुमच्या खेळाचं एखादं रेकॉर्डिंग आहे?"

"येक पन नाय. मीच करू दिलं नाय कोनाला. कॅमेरा दिसला का मी खेल थांबवायचू."

म्हणजे कायद्यानं जे एक दार थोडं उघडं ठेवलं होतं, ते या माणसानं आयुष्यभर आतून कडी घालून ठेवलं होतं. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. मी म्हटलं, "मग लिहून काढा. पेटी कशी, कोण कुठं उभं, काय बोलायचं, पडदा कधी. नाटक लिहितात तसं. निदान लिहिलेल्यावर तुमचं नाव राहील. चोरी थांबेल असं मी म्हणत नाही."

पंधरा दिवसांनी ते शंभर पानी वही घेऊन आले. अक्षर मोठं, पोरासारखं, शेजारी पेटीची चित्रं. मी चाळली. सगळं होतं. फक्त शेवटच्या पानावर वर "गाठ" एवढं लिहून बाकी पान कोरं.

"हे काय?"

"ते मरताना लिवीन."

मग त्यांनी मला सांगितलं. त्यांचे गुरू दादू मास्तर. जत्रेत तंबू टाकून खेळ करायचे. चेल्याला सगळं शिकवायचं, पण प्रत्येक खेळातली एक गाठ राखून ठेवायची. अगदी बारीकशी गोष्ट. ती नसली तरी खेळ होतो, दहा वेळा होतो, पण अकराव्या वेळी लोकांसमोर फसतो. मग चेला आपोआप गुरूच्या दारात येतो. गुरूच्या नावानं खेळ करायला लागला, मान ठेवायला लागला, की मरताना गाठ सोडायची. दादू मास्तरांनी जगनकाकांना दोरीची गाठ अशी सोडली होती, सिव्हिल हॉस्पिटलच्या खाटेवर, कानात. कायद्यानं या लोकांना काही दिलं नाही म्हणून यांनी आपापसात स्वतःचा कायदा करून घेतला होता. मला तो भारी वाटला. मी चक्क हसलो. "म्हणजे प्रणितचा खेळ एक दिवस आपटणार म्हणा की," असं मी म्हटलं. जगनकाका म्हणाले, "येल ना दारात, आमच्या पाया पराला."

मी हसलो होतो. लिहायला नको वाटतं, पण हसलो होतो हे खरं आहे.

काही महिने गेले तरी प्रणितनं नाव घेतलं नाही, तेव्हा मी त्याला नोटीस पाठवली. त्या नोटिशीत कायदेशीर असं काही नव्हतं, नुसताच आव होता. टाईप करण्यापूर्वी मी सहज विचारलं, "खेळ धोक्याचा आहे असं टाकू का? जरा वजन येईल." जगनकाका खुर्चीतून उठलेच. "नाय, नाय. धोका लिवला का तो विचारनार कसला धोका. मंग गाठ सुटली." मी ते वाक्य खोडलं.

प्रणित नोटीस घेऊन स्वतःच आला. मला वाटलं होतं टग्या असेल. पोरगा साधा होता, घामाघूम झालेला, कंपनीतून सुटून थेट आलेला. पण बोलणं मुद्द्याचं. "सर, मी वाचलंय सगळं. मेथड पब्लिक डोमेनमध्ये असते. काकांनी दोरी कापली तेव्हा कोणाला विचारलं होतं? कबुतरं काय त्यांच्या घरची? जादू अशीच चालत आलीये, एकाची दुसऱ्यानं घ्यायची."

जगनकाका कोपऱ्यात बसले होते. ते म्हणाले, "त्यांची नावं कोनाला ठाव नाय, मरून गेली ती मानसं. मी हितं बसलोय ना तुज्यासमोर."

प्रणित खाली बघायला लागला. त्यानं नाव घेतलं असतं, असं मला आजही वाटतं. त्याच्या ओठावर आलं होतं. पण जगनकाकांना दम धरवला नाही. म्हणाले, "आनि पूर्न खेल तुला येतच नाय. आर्धा चोर." झालं. पोराच्या चेहऱ्यावरून सगळी लाज उतरली. "सात शो केलेत काका, एकही फसला नाही," असं म्हणून तो निघून गेला.

त्यानंतर अंकिता भामाबाईकडं गेली. हे सगळं नीट मला फार नंतर कळलं, भामाबाईच्याच तोंडून. सुकापूरच्या जुन्या गावठाणात घरतांचं घर, तिथून चार घरं सोडून प्रणितचं. मुलगी दिवसा मॉलमध्ये कामाला, संध्याकाळी भावाबरोबर. पेढ्यांचा पुडा घेऊन गेली, भामाबाईच्या पाया पडली आणि म्हणाली, "काकी, आत मला भीती वाटते गो. कधी कधी फळी सरकताना करकरते. तू काय करायचीस?"

आता फळीचं सांगतो, कारण ते आता गुपित राहिलेलं नाही. पेटीच्या तळाला सरकती फळी होती. पडदा ओढला की भामाबाई फळी सरकवून खालच्या पोकळीत उतरायची, फळी परत ओढून घ्यायची आणि पडद्याआडूनच मागच्या बाजूनं निसटायची. मीठ वर राहायचं. पहिल्याच वर्षी, उरणच्या एका जत्रेत, दमट हवेत मिठाचे खडे फळीच्या खाचेत बसून चिकटले आणि फळी अर्ध्यावर अडली. वरचं सगळं मीठ तिच्या तोंडावर आलं. तिनं आतून पेटी ठोकली. जगनकाकांनी ऐकलं आणि कोयत्यानं पेटी फोडून तिला बाहेर काढलं. डोळा त्या दिवशी गेला. आठ दिवसांनी भामाबाईनं आपल्या जुन्या लुगड्याची एक लांब चिंधी फाडली आणि ती खाचेत अंथरली. मीठ चिंधीवर पडतं, फळी सरकली की चिंधीसकट निघून येतं. खाच मोकळी. ही गाठ. बोटभर रुंदीची चिंधी. आणि खेळात वाद्य का नव्हतं, तेही यातूनच आलेलं. ठोकलेलं ऐकू यावं म्हणून.

अंकितानं विचारलं तेव्हा ती चिंधी भामाबाईच्या मागच्या फडताळातच होती. ती उठली. फडताळ उघडलं. चिंधी हातात घेतली. तेवढ्यात आतल्या खोलीतून जगनकाकांची हाक आली, "भामा, चाय टाक." ते ऐकत होते. तिला त्या हाकेचा अर्थ कळला. तिनं चिंधी परत ठेवली, चहा टाकला, पोरीला बशीत ओतून दिला आणि म्हणाली, "भिऊ नको. देवाचं नाव घेयाचं."

मे महिना संपत आला होता. सुकापूरच्या मैदानात एका लग्नाची हळद होती. आमच्याकडच्या हळदी म्हणजे लग्नापेक्षा मोठ्या, दीड-दोन हजार माणूस, डीजेचा भिंतीएवढा सेट. हवा अशी की अंगातला शर्ट सुकत नव्हता. संध्याकाळी साडेसहाला प्रणितचा आठवा प्रयोग सुरू झाला. नवरदेवाच्या मित्रांनी हौसेनं घमेली उचलली. पडदा ओढला, उरलेलं मीठ ओतलं, पडदा बाजूला केला. काचेमागं नुसतं मीठ. लोकांनी शिट्ट्या मारल्या. प्रणितनं हात वर केले आणि सगळे मागे वळून बघायला लागले. अंकिता मागून यायची होती. ती आली नाही. डीजेवाल्याला वाटलं सस्पेन्स आहे, त्यानं आवाज वाढवला. प्रणित हसत हसत वेळ काढत राहिला. पहिल्या रांगेतली एक बाई नंतर सांगत होती की पेटी हलताना तिला दिसली, पण तिला वाटलं खेळातलंच असेल.

जगनकाका आपल्या ओट्यावर बसले होते. मैदान तिथून दोनशे पावलांवर. त्यांना गाण्याचा आवाज येत होता, आणि खेळ संपायच्या वेळी तो थांबायला हवा होता, तसा थांबला नाही. तेव्हा ते पळाले. सत्तरीला टेकलेला माणूस, पायात चप्पल नाही, हातात कोयता. हळदीच्या माणसांना वाटलं म्हातारा मारामारी करायला आलाय. दोघांनी त्यांना धरलं. सोडवून घेण्यात आणखी वेळ गेला. त्यांनी पेटी फोडली तेव्हा अंकिताचं अंग गरम होतं. नखं तुटलेली होती.

ती बावीस वर्षांची होती. हॉस्पिटलात नेल्यावर डॉक्टरांनी फक्त वेळ लिहिली.

तिसऱ्या दिवशी पोलिसांनी जगनकाकांना जबाबासाठी बोलावलं. मी बरोबर गेलो. रिक्षात त्यांना नीट समजावलं. "काका, ऐका. तुमच्यावर काही येत नाही. पेटी तुमची नाही, शो तुमचा नाही. एखादी गोष्ट सांगितली नाही म्हणून कायदा कोणाला धरत नाही. विचारलं तर मी वर्षभर तुम्हाला जे सांगत आलो तेच सांगायचं. ही युक्ती कोणाच्याच मालकीची नाही." भामाबाई शेजारी बसली होती. तिनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

ठाण्यात प्रणित बाकावर होता. डोकं भादरलेलं. त्याच्या आईबापांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. फौजदार साहेबांनी कागद ओढला आणि सगळ्यांनाच विचारलं, "हा प्रयोग मुळात कोणाचा?"

प्रणित मान वर न करता म्हणाला, "जगनकाकांचा. जगन आणि भामा घरत यांचा. सगळं त्यांनीच बसवलंय. मी काहीच केलेलं नाही यात."

वर्षभर जे वाक्य त्यांना स्टेजवरून ऐकायचं होतं ते असं ऐकू आलं. मी त्यांचा गुडघा दाबला. त्यांनी माझा हात बाजूला केला.

"खेल माजा हाय," ते म्हणाले. "आनि गाठ मी राखली."

"गाठ म्हणजे?"

त्यांनी सगळं सांगितलं. फळी, खाच, उरणची जत्रा, चिंधी, दादू मास्तर, चहाची हाक. "मना वाटलं फली अरकंल, लोकं हसतील, हा माज्या दारात येईल. पोर ठोकंल ते याला ऐकू येईल. मना ऐकू आलं व्हतं, तसंच. डीजेचं माज्या ध्यानातच आलं नाय, सायब." साहेब लिहीत होते. जी वही त्यांनी मरताना पूर्ण करायची ठरवली होती, तिचं शेवटचं पान सरकारी कागदावर, दुसऱ्याच्या अक्षरात भरत होतं. ते पुढे कोर्टाच्या फाईलीत गेलं की अर्ज करून त्याची नक्कल कोणालाही मिळेल. चिंधीपर्यंतचं लिहिलेलं वाचून दाखवून साहेबांनी विचारलं, "चिंधीची युक्ती कोणाची? तुमची की बायकोची?"

जगनकाका पटकन म्हणाले, "माजीच. हिचं नाव नका लिवू. हिला यातलं काय ठाव नाय."

वर्षभर हा माणूस त्या नावासाठी माझ्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवत होता. दोन्ही नावं घेतली पाहिजेत, एकटं माझं नको, भामाचंही हवं, असं दर वेळी बजावायचा.

भामाबाई उठली. तिनं पदराची मूठ उघडली आणि त्यातली मिठानं कडक झालेली चिंधी टेबलावर ठेवली.

"लिवा माजं नाव," ती म्हणाली. "चिंधी माजी. पोरीनं माज्याकरंच मागतली व्हती."

साहेबांनी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी तिला अडवलं नाही. त्यांनी तिचं पूर्ण नाव विचारलं आणि लिहून घेतलं.